पडलो नाही, बसलो

...पडलो नाही, हे आधी डोक्यात घ्या. बसलो! माणसानं न्हाणीघरात खाली बसू नये काय? तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि बाजूची भिंत मला न विचारता निघून गेली... मग उभ्यानं तिची वाट बघत राहू? बायको धावत आली, पण ऐकू शून्य, कारण ऑपरेशन करून कानात ऐकायचं यंत्र बसवलंय ना, त्याचा बाहेरचा तुकडा अंघोळीला काढून ठेवावा लागतो. तरी तिचे ओठ मला पाठ आहेत. "अहो, पडलात?" बसलो, म्हटलं.

मुलानं नेलं दवाखान्यात, तिथं समजावणाऱ्या बाई असतात. म्हणाल्या, "आजोबा, तोल जाईल, हे ऑपरेशनआधीच सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत." डोलावली की! बहिऱ्याला समोर बसवून, तोंडाला फडकं बांधून सांगितलंत, मान डोलावू नको तर काय करू? ऐकू येत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? बाईंनी फडकं काढलं, म्हणाल्या, "चुकलंच आमचं. आता नीट ऐका. तोल सांभाळायला कान, डोळे, पाय तिघं लागतात. तुमचा कान सध्या रुसलाय. त्यात तुम्ही डोळे मिटलेत, म्हणून पडलात."

बसलो, म्हटलं.

"बरं, बसलात. पण शिडी सध्या बंद."

शिडी बंद? मी रंगारी माणूस, जन्म शिडीवर गेला. शिडी नाही तर काय, गुडघ्यापर्यंतच रंग देऊ? लोकांच्या घरात काय ससे राहतात? बाई म्हणाल्या, "सरळ रेघेवर पावलाला पाऊल लावून रोज चाला, भिंतीजवळ. जमायला लागलं की शिडीचं बघू."

घरी आलो, फरशीवर रंगानं रेघ मारली. रेघ काय झालीय म्हणता, दोरीसारखी! पाऊल मात्र दारुड्याचं. मुलगा म्हणाला, "बाबा, भिंत धरा." म्हटलं, ती भिंत मी रंगवलीय, तिनं मला धरावं... आणि बसलो.

मग पोरानं न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं. पहिल्या दिवशी लाथेनं उडवलं. दुसऱ्या दिवशीही उडवलं, पण त्या लाथेपायी मीच... असो. आता रोज त्यावर टेकतो, साबण लावतो, डोळे मिटतो. बाहेरून बायको डोकावते, ओठ हलवते, "अहो, पडलात?"

बसलोय, म्हणतो. आणि काय करता, आता खरंच बसलेला असतो.