सहाव्या झेंड्यापाशी

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे सरका. सतरंजीवर जागा आहे. रविवारची कामं टाकून आपण सगळे आलात.

मला बोलायला सांगितलंय खरं, पण माझा जन्म गेला हावड्याच्या माझ्या लहानशा कारखान्यात लेथवर लोखंड कापण्यात. शाळा चार यत्ता. भाषण कधी केलं नाही. त्यात समोर दत्तोपंतांचा फोटो, शेजारी वहिनी. मधेच थांबलो तर समजून घ्या.

दत्तोपंत बदलीवर कलकत्त्याला आले, सरकारी हिशेबाच्या कचेरीत. त्यांची माझी ओळख झाली ती एका वाकड्या काठीमुळे. त्यांचा इंग्रज साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना गोल्फच्या काठ्यांची पिशवी यांच्या गळ्यात टाकून गेला. त्यातली एक वाकलेली. ती सरळ करायला आले माझ्याकडे. मी म्हणालो, अहो, हिनं तर म्हैससुद्धा वळायची नाही. ते हसले, आणि पुढच्या रविवारी मलाच ट्रामनं एस्प्लनेडला उतरवून मैदानात घेऊन गेले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही दोघं धोतरं खोचून चेंडू टोलवायचो. चेंडू पाडायचा होल नाही, त्याच्या खुणेचा झेंडा नाही, पाळी नाही. नुसतं टोलवायचं आणि शोधत हिंडायचं. दत्तोपंत म्हणायचे, वामनराव, एकदा खऱ्या मैदानावर खेळायचं. समुद्राच्या कडेनं.

पुढे त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली. तरी समुद्राकाठी खेळायचा हट्ट काही सुटला नाही.

आता वहिनी, तुमच्याकडे बघून बोलतो. ते गेल्यापासून तुम्ही एकच वाक्य घोकताय. मी यांना समुद्रावर जाऊ दिलं नसतं, तर हे आज असते. आणि मंडळी, आपल्यातही कुजबुज आहे. मी ऐकली आहे. दुखण्याचा माणूस, आणि बायकोनं चेंडूमागे हिंडू दिला. मी तिथं होतो. म्हणून आज उभा राहिलो.

वहिनी आधी नाहीच म्हणाल्या होत्या. आठ दिवस घरात अबोला. मग एक दिवस मला निरोप आला. भावजी, तिकिटं तीन काढा, मीही येते.

हावड्याहून मद्रासकडच्या गाडीनं गेलो. ओरिसाच्या किनाऱ्यावर साहेबलोकांनी मागे सोडलेलं नऊ होलांचं मैदान. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला नुसता समुद्र. पहिल्या होलापाशी उभे राहिलो आणि सुरू झालं, आधी तुम्ही. छे, आधी तुम्ही. आपल्याला पंगतीची सवय ना. मागे एक बंगाली बाबू ताटकळत होते. ते म्हणाले, दादा, लग्नघर आहे का हे? वहिनी इतक्या हसल्या की दत्तोपंतांचा पहिला टोला हुकला.

दुसऱ्या होलावर झेंड्याला टेकून एक गाय रवंथ करत होती. ती उठेपर्यंत थांबलो. तेवढीच विश्रांती. वहिनींची अटच होती, दर होलाला बसायचं. तिसरा होल ओहोळापलीकडे. दत्तोपंतांनी चेंडू मारला तो वाऱ्यानं उचलला आणि थेट लाटेत. त्यांनी हात जोडले. म्हणाले, वरुणाला नैवेद्य. दुसराही तिथंच गेला. मग वहिनी म्हणाल्या, पुरे झालं, देवाला अजीर्ण होईल.

चौथा होल वाळूच्या टेकाडावर होता. वर पोचलो तर खाली कोळ्यांच्या होड्या, जाळी ओढणारी माणसं, आणि पाणी, पाणी. दत्तोपंत खेळायचं विसरले.

पाचवा सावकाश झाला. सहाव्याला त्यांचा चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. सबंध सकाळीत असा टोला बसला नव्हता. नुसतं टेकवायचं होतं. मी म्हणालो, मारा की.

त्यांनी काठी खाली ठेवली. मागे बघत म्हणाले, "थांबा. ती लांब आहे. पाळी तिची."

या खेळाचा नियम आहे, मंडळी. झेंड्यापासून ज्याचा चेंडू सगळ्यात लांब, त्यानं आधी मारायचं. जवळ पोचलेल्यानं थांबायचं. मी वळून पाहिलं. वहिनी पार मागे राहिल्या होत्या. एका हातात चपला, दुसऱ्यात थर्मास, वाळूत पाय रुतत होता. त्यांच्याजवळ चेंडू नव्हता की काठी नव्हती. तरी दत्तोपंत हळूहळू माघारी गेले, थर्मास घेतला, आणि दोघं तिथंच वाळूत बसली. पुढचे तीन होल आम्ही खेळलो नाही.

वहिनी, पुढचं तुम्हाला माहीत नाही. काठ्या उचलायला ते माझ्याबरोबर आले तेव्हा म्हणाले, "वामनराव, ही नाही म्हणाली असती तर मी ऐकलं असतं. पण मग खिडकीशी बसून तिच्यावर रुसलो असतो. रुसून मरायचं नव्हतं मला."

त्यानंतर महिनाभरानं, कलकत्त्यात बेहाल्याच्या घरी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. समुद्राच्या वाऱ्यानं नेलं का? मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण कुणावर रुसून गेले नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. वहिनी, ते तुम्ही केलंत. आता ते वाक्य सोडा.

दत्तोपंत, नमस्कार घ्या आमचा.

मंडळी, आता उठू या आणि गप्प उभे राहू या. अध्यक्षमहाराज, घड्याळ खिशात राहू द्या. वहिनींची मान खाली आहे. त्या वर बघतील तेव्हा बसायचं.