स्प्रिंगची बाजू

आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावात, स्पेअर पार्टच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक मिस्त्री आणि एक बाई पाणी उपसायच्या डिझेल इंजिनाचं सामान घ्यायला आले होते. बाईचे सासरे बाहेर बाकावर बसले होते.

“रुख्मिणीताई, पिस्टन चांगला आहे. तेल अडवणारी सील उलटी बसवली होती. स्प्रिंगवाली बाजू आत पाहिजे, ते बाहेर होती. तेल गळंल नाही तं काय होईल?”

“मामाजीनंच बसवली होती गेल्या दिवाळीत.”

“मंग मामाजीनंच गळवलं वर्षभर तेल.”

“हळू बोला, इंद्रकुमारभाऊ. तीस वर्षं गावातले इंजिन त्याइनंच बांधले. आता डोळ्यानं दिसत नाही, पण मानत नाहीत. त्याइले सांगू नका.”

“अन त्याइनं विचारलं तं?”

“काही पण सांगा, पण ते नका सांगू.”

तेवढ्यात सासरे काठी टेकत आत आले.

“काय निघालं, बाबू?”

“काही नाही, काकाजी. सीलचं रबरच कच्चं होतं. आजकाल मालच तसा येऊन राहिला.”

“अन बसवणी?”

“बसवणी पक्की होती तुमची.”

“मामाजी, तुम्ही बसा न बाहेर. उभे कायले राहता?”

म्हाताऱ्यानं काउंटरवरची नवी सील उचलली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“बरं. ही बसवशील तेव्हा मले जवळ बसू देजो. दिसत नाही, पण हात लावून सांगतो.”

“काय सांगाल, काकाजी?”

“स्प्रिंग आत आहे का बाहेर, ते.”