अण्णांना सर्व्हर बघायचा होता

चहा गार झाला तर होऊ द्या, आधी लातूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडतवाल्या अण्णांचं ऐका. माझ्या लेकीनं, ज्योतीनं, आमच्या मुखेडकडच्या शाळेतल्या लेकरांसाठी मोबाईलवर गणिताची स्पर्धा ठेवली होती. सगळी लेकरं एकदम आली की छोटा सर्व्हर बसतो, म्हणून मोठा भाड्यानं घ्यायचा होता. भाडं भरायचं अण्णांनी कबूल केलं, अन् आम्ही दुकानात पैसे न्यायला गेलो तर ऐन वेळी अडले.

"आधी सर्व्हर दाखवा. नारळ फोडायचाय, फोटो काढायचाय."

ज्योती म्हणाली, "अण्णा, तो इथं नसतो. लांब कंपनीत असतो, आपण नेटवरून वापरायचा."

"न बघितलेल्या वस्तूला मी पैसा देत न्हाई!"

स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, अन् माझं तोंड सुटलं.

"अण्णा, तुमचं पोरगं घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतंय म्हणता. सोयरिकीच्या वेळी ती कंपनी कुणी बघितली होती का? तरी सुनेच्या बापाकडून चारचाकी घेतलीच की!"

दुकानातले हमाल फिदीफिदी हसले. अण्णा मुनिमावर खेकसले, "अरे, ह्या बाईला आधी पैसे देऊन टाक. अजून काही बोलायच्या आत!"