शाहपूरच्या बसमधलं इंग्रजी

केळीच्या बागेची वाटणी झाली तेव्हापासून रंभाबाई आणि तिची धाकटी जाऊ वत्सला एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. बुऱ्हाणपूरच्या इंग्रजी वर्गात रश्मी मॅडमनी अजाणता नेमकी त्यांचीच जोडी लावली आणि बजावलं, “पाठांतर नको, घरच्या गोष्टी बोला.” आज वर्गाहून परतताना शाहपूरच्या बसमध्ये दोघी मॅडमच्या पुढच्याच सीटवर बसल्या होत्या.

“हाऊ इज युवर बफेलो?” रंभाबाईने विचारलं.

“बफेलो गुड. मिल्क नो.”

“व्हाय?”

“बफेलो अँग्री.”

“यू ऑल्सो अँग्री.”

“यू फर्स्ट अँग्री!”

गावातलाच कंडक्टर थबकला. “काकू, तुमचं तर बोलनं बंद आहे ना?”

“मराठीत बंद आहे,” रंभाबाई म्हणाली. “हा अभ्यास आहे.” मग ती जावेकडे वळली. “संडे, माय डॉटर एंगेजमेंट. यू कम.”

“ऑल व्हिलेज इन्व्हाइट. मी लास्ट.”

वत्सलाने खिडकीकडे तोंड फिरवलं. रंभाबाई गडबडून मागे वळली.

“मॅडम, ‘रुसू नको, तुझ्याबिगर कसं होईल’ याले इंग्लिशमधी काय म्हनतात?”

रश्मी मॅडम शब्द जुळवू लागल्या. तेवढ्यात खिडकीकडूनच आवाज आला,

“आय अंडरस्टँड मराठी.”