सोबतीला जाऊबाई

समुपदेशनाला कधी जावं ते मला खुशाल विचारा. सोबत कुणाला न्यावं ते मात्र विचारू नका! सासूबाई गेल्या आणि माझी झोपच उडाली. स्वयंपाक करता करता रडू फुटायचं. शहापूरच्या एका दवाखान्यात दर शुक्रवारी समुपदेशक बाई बसतात असं कळलं, तेव्हा म्हटलं, आता जायचंच. पण आमच्या मुरबाडकडे दवाखान्यात एकटं कोण जातं? मोठ्या जाऊबाई आल्या. आणि दुखणं सांगायचं काम सोबत आलेल्याचंच.

बाईंनी मला विचारलं, "काय होतंय?"

"हिला झोप नाय," जाऊबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आमची म्हातारी गेली तवापासून. मला तरी कुठं येते? पण मला कोण विचारतं?"

आणि जाऊबाईंनी असा गळा काढला की मीच धावत पाणी आणलं. माझा सगळा वेळ त्यांनीच रडून संपवला.

"पुढच्या शुक्रवारी दोघीही या," बाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत जाऊबाई एकदम खूश.

"बाई लय चांगली हाय गो. पण पुढच्या टायमाला तू बाहेरच बस."

"का वो, जाऊबाई?"

"तू समोर असलीस की तुझ्याबद्दल काय बोलताच येत नाय!"