साडूची जाहिरातसुद्धा देखणी!

...नाही, तुम्हीच सांगा, जाहिरात ही काय कौतुकानं बघायची गोष्ट आहे? पण आमची ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसते आणि उघडते काय, तर माझ्या साडूची साइट! हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा हो. रोपवाटिका आहे त्याची, कुंडीतल्या झाडांवर लिहितो. लिहितो कसला, 'पाणी घाला' हेच दहा तऱ्हांनी सांगतो! लिहितो तर मीही, अडकलेली कुलपं कशी उघडावीत यावर, उभा जन्म कुलपांत गेला माझा, पण माझी साइट हिनं शेवटची कधी उघडली... जाऊ द्या. वर मलाच म्हणते, "अहो, बघा ना, भावोजींच्या साइटवर जाहिरातसुद्धा कशी देखणी!"

जळलो. खोटं कशाला बोलू, पार कोळसा झाला माझा! मला काही मानपान नको होता हो, हिनं एकदा माझी साइट उघडून 'छान' म्हणावं, बस्स! लागलो कामाला. आधी वर आडवी पट्टी लावली, तर तिथं कंबरदुखीचं मलम लाल-पिवळं लुकलुकायला लागलं. मग कडेला उभी जाहिरात लावली, तर मोबाइलवर ती घसरून बरोबर किल्लीच्या चित्रावर बसली. मग आपोआप सुरू होणारा व्हिडिओ... पहाटे एका वाचकाचा फोन, "अहो, मी दाराबाहेर अडकलोय, कुलूप उघडत नाही, तुमची साइट उघडली तर एक बाई शॅम्पूचं गाणं म्हणतेय, सगळे शेजारी जागे झाले!" आणि साडूकडे? साडूकडे जाहिरातसुद्धा देखणी!

शेवटी साइट बांधून देणाऱ्या डिझायनरबाईला गाठलं. ती आपली जांभई देत, "काका, जाहिरात पानात मुरलेली दिसायला हवी. तेच रंग, तसंच अक्षर, भोवती मोकळी जागा. एखादी छान साइट बघून शिका ना."

छान साइट! आता मी कुठं जाणार? बसलो साडूच्या साइटवर ठाण मांडून! सकाळ नाही, दुपार नाही, त्याच्या जाहिरातीची चौकट बघ, कोपऱ्याची गोलाई बघ, हिरवा रंग कुठला तो बघ... आणि सगळं उचललं. हो, उचललं! काय करणार होता तो?

आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी माझं पान उघडलं आणि मीच बघत राहिलो! कुलपाच्या लेखाच्या मधोमध पांढऱ्या कुंडीत एक नाजूक हिरवं रोप, खाली बारीक अक्षरात 'घरात हिरवळ आणा'. हिला हाक मारली. ही आली, चष्मा लावला आणि म्हणाली, "अय्या, किती छान!" ऐकलंत? छान! माझी छाती अशी फुगली... आणि हिनं त्या रोपावर बोट ठेवलं, आणि उघडली कुठली साइट? साडूची! जाहिरातच त्याच्या रोपवाटिकेची!

फोन लावला डिझायनरबाईला. "मग काका, तसंच असतं. तुम्ही ज्या दुकानाच्या साइटवर सारखे जाता ना, त्याचीच जाहिरात तुमच्या कॉम्प्युटरवर दिसायला लागते. दिवसाचे किती तास बघत होता?" फोन स्पीकरवर होता हो! ही शेजारी उभी! नुसती हसली. त्यापेक्षा बोलली असती तर परवडलं असतं.

आणि काल साडूचा फोन. "साडूभाऊ, उपकार झाले तुमचे! तुमच्या साइटवरून आमच्याकडे वाचक येतोय! एकच आहे, पण रोज, अगदी न चुकता, सकाळी चहाच्या वेळेला!"

आता डिझायनरबाई म्हणते, काका, एका बटणात ती जाहिरात बंद करून देते. नको म्हटलं, राहू दे. बंद केली तर ही परत सरळ तिकडंच जाईल... आता निदान माझ्या दारावरून तरी जाते!