ऱ्हस्व भिती

ताई: ...आणि ही चिठ्ठी टाचणी लावून फळ्यावर कुणी टांगली, सर?

सर: मीच. येता-जाता पोरांच्या नजरेखालून जाईल, म्हटलं.

ताई: लाल पेनही तुमचंच.

सर: आता एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, ताई. निवृत्त होऊन तुमच्या युवा केंद्रात आलो, तरी खिशातलं लाल पेन काही जात नाही. जित्याची खोड! पण मी कुणाचं नाव घेतलेलं नाही हां. पेटीत आलेली बिननावाची चिठ्ठी होती.

ताई: वाचून दाखवा मला.

सर: आता?

ताई: आताच. काल सगळे गोल करून बसलात तेव्हा मी नव्हते. काल जशी वाचलीत तशीच वाचा.

सर: ‘मला संध्याकाळी घरी जायची भिती वाटते. काय करू?’ बघा, ‘भ’ला चक्क पहिली वेलांटी! मी म्हटलं, बाळांनो, भित्रा ऱ्हस्व असतो, भीती नेहमी दीर्घ! असली आखूड भीती बघून मांजरसुद्धा पळणार नाही. असा हशा पिकला म्हणता! पोट धरधरून हसली पोरं.

ताई: मग?

सर: मग पुढची चिठ्ठी काढली. कॅरमचा स्ट्रायकर हरवलाय, नवीन आणा.

ताई: ‘काय करू’चं उत्तर काय दिलंत?

सर: उत्तर म्हणजे... त्याचं काय उत्तर...

ताई: सर?

सर: थांबा. जरा इकडे द्या ती चिठ्ठी.

ताई: घ्या. चष्मा लावून वाचा.

सर: अरे देवा.

ताई: तुमच्या लक्षातच आलं नव्हतं ना?

सर: वाचलं होतं हो. तोंडानं वाचलं. डोळा सगळा त्या वेलांटीवर. कुणीतरी मला सांगतंय, घरी जायला भीती वाटते, आणि मी... शी! मांजराचा विनोद केला मी. साठी उलटलेला माणूस. लाज वाटते हो, ताई.

ताई: वाटू द्या. लगेच झटकू नका. सहा महिने झाले ती पेटी ठेवून. वर लिहिलंय, ‘मनातलं काहीही लिहा.’ आजवर काय आलं? पंखा, कॅरम, संडासाची कडी. मनातलं असं हे पहिलंच आलं. आणि त्याला आपण मार्क दिले!

सर: मी अक्षर ओळखलंय. नाव सांगू?

ताई: अजिबात नाही! बिननावाची पेटी म्हणायचं आणि पाठीमागे अक्षरं जुळवत बसायचं, ही दुसरी चूक.

सर: पण घरात काही भलतंसलतं असेल तर? कुणी मारत असेल, आणखी काही असेल. हातावर हात ठेवून बसायचं?

ताई: बसायचं नाहीच. जा तिच्याकडे.

सर: ‘तिच्याकडे’? तुम्हाला कसं कळलं मुलगी आहे ते?

ताई: काल हसता हसता कोण उठून गेलं ते इथली पोरंच सांगतात. तुम्ही फळ्याकडे तोंड करून टाचणी शोधत होतात.

सर: त्यापेक्षा तुम्हीच जा ना. बाईमाणसाशी ती मोकळं बोलेल.

ताई: नाही हो. ज्यानं सांडलं त्यानंच पुसायचं. फक्त एक करा. ‘चिठ्ठी तुझीच ना?’ असं विचारायचं नाही. कबुलीजबाब घ्यायला जाताय असं व्हायला नको. आपली चूक सांगायची आणि मग तोंड मिटायचं. तुम्हाला जड जाईल ते.

सर: जाईल.

ताई: आणि जिवावरचं काही असलं तर ते मला सांगावं लागेल, हेही तिला आधीच सांगा. नंतर फसवल्यासारखं व्हायला नको.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. झेरॉक्सचं दुकान. काउंटरच्या आत सतराएक वर्षांची मुलगी.)

मुलगी: किती काढायच्या?

सर: अं? एकच.

मुलगी: सर, कागद कोरा आहे.

सर: दुसऱ्या बाजूला बघ बरं.

मुलगी: दोन्ही बाजूंनी कोरा आहे.

सर: मग राहू दे. झेरॉक्स नकोच होती मला.

मुलगी: माहितीये. ताई येतील वाटलं होतं. तुम्ही याल असं नव्हतं वाटलं. आणि ती चिठ्ठी माझी नाही, आधीच सांगून ठेवते.

सर: मी विचारलं नाही.

मुलगी: विचारणार होता.

सर: नाही. मी माझं सांगायला आलोय. परवा मी एक चिठ्ठी वाचली. लिहिणारं माणूस काकुळतीला येऊन विचारत होतं, काय करू. मी त्याची टिंगल केली, वर ती लाल करून फळ्यावर लावली. फार वाईट वागलो. माफी मागायचीय मला.

मुलगी: मग मला कशाला सांगताय? माझी नाहीये ना ती.

सर: परवा हजर होते त्या सगळ्यांना सांगणार आहे. सुरुवात तुझ्यापासून.

मुलगी: थाप.

सर: हो. थापच.

मुलगी: तुम्हाला धड थापसुद्धा मारता येत नाही, सर. स्टूल घ्या. ते मशीन तापलंय, त्याला टेकू नका.

सर: आलो ते चाललं ना तुला? जा म्हणालीस तर जाईन.

मुलगी: बसा. मालक पाचला येतात, गल्ला घेऊन जातात. बरं, जिनं लिहिली असेल ना, तिला जास्त राग कशाचा आला असेल, सांगा.

सर: मी हसलो त्याचा.

मुलगी: चूक. ती पण हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. गप्प राहिली असती तर कळलं असतं ना सगळ्यांना! त्याचा राग आला तिला. आपल्याच चिठ्ठीला आपणच हसलो.

सर: ...

मुलगी: बोला की काहीतरी. नाहीतर तोंडाचा पट्टा चालू असतो.

सर: काय बोलू? बोलायला तोंड ठेवलंय का मी?

मुलगी: तिचं ना, सातवीत पण असंच झालेलं. निबंध लिहिला, बाबा गेले तेव्हाचा. खाली बाईंचा शेरा काय? ‘अक्षर सुधार.’ तिला वाटलं होतं, केंद्र म्हणजे काही शाळा नाही.

सर: नाहीच आहे. मीच काखेत मारून घेऊन आलो तिथे शाळा. बरं, एक आधी सांगायला हवं. तिला घरी कुणी मारत असेल, त्रास देत असेल, तर मला ते पोटात ठेवता येणार नाही. ताईंच्या कानावर घालावं लागेल. हे ठाऊक असू दे आणि मग काय सांगायचं ते सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

मुलगी: छे हो, तसलं काही नाही. तिच्या घरी कोण असतं मारायला? आजोबा असतात फक्त. आईचे वडील. फार जीव आहे त्यांचा तिच्यावर.

सर: बरं.

मुलगी: आईची दुपारपाळी, रात्री दहाला येते. तोवर ते एकटे. मागच्या महिन्यात दोनदा पडले, चक्कर येऊन. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता असंच चालायचं. असंच म्हणजे कसं हो? कधीपर्यंत? तर ती संध्याकाळी घरी जाते, दार लोटते आणि उंबऱ्यातूनच हाक मारते. त्यांना ऐकू कमी येतं. लगेच ओ देत नाहीत.

सर: हं.

मुलगी: मग ती मनात आकडे म्हणते. कधी सातला ओ येते, कधी बाराला. एकदा वीसपर्यंत गेलं. मला आत पाऊलच टाकवेना. तिथेच बसले खाली. आणि हे महाशय न्हाणीघरातून टॉवेल मागत बाहेर! ऐकलंत ना?

सर: ऐकलं.

मुलगी: ‘ती’ म्हणता म्हणता ‘मी’ झालं. काढा चूक.

सर: नाही. बोल तू.

मुलगी: म्हणून केंद्रात बसून राहायचे मी. कॅरम मला मुळीच आवडत नाही. पण घरी जायची वेळ पुढे पुढे ढकलायची. आणि जितका उशीर तितकं आणखीच वाईट, कारण ते वाट बघत असतात. ज्यानं खांद्यावर बसवून फिरवलं त्याच्या घरात जायला भ्यायचं! सख्ख्या नातीनं! आईला कोणत्या तोंडानं सांगू? ती म्हणेल, केवढी निर्दय आहेस. म्हणून पेटीत टाकलं. तिथे तोंड दिसत नाही ना.

सर: आणि तिथेच मी...

मुलगी: हो. तिथेच तुम्ही.

सर: तू निर्दय नाहीस गं.

मुलगी: सर, धीर नका देऊ. आता पुढे उपाय सांगाल. शेजारी सांगून ठेव, आधी फोन कर. त्यांना फोन ऐकू येत नाही, आणि शेजारी कुलूप आहे.

सर: अगदी हेच दोन जिभेवर होते. गिळले. तूच सांग, तुला काय हवंय?

मुलगी: मला?

सर: तुला.

मुलगी: थांबा, विचार करू दे. ...आज मी केंद्रात येणार नाही. सहाला सरळ घरी जाणार. तुम्ही याल? दारापर्यंत?

सर: येईन.

मुलगी: पण ‘घाबरू नकोस’ म्हणायचं नाही. पाठीवर हात ठेवायचा नाही. नुसतं उभं राहायचं.

सर: नुसता उभा राहीन.

मुलगी: मग सहाला या. आणि हा तुमचा कोरा कागद घेऊन जा, मालक विचारतील.

(संध्याकाळी सहा वाजता. तेच दुकान.)

सर: आलो. उशीर नाही ना झाला?

मुलगी: नाही. शटरला जरा हात लावा, डावीकडे अडकतं. हां, झालं. चला, फार लांब नाही.

सर: हाच जिना का?

मुलगी: हाच. दुसरा मजला. दिवा गेलाय, कठडा धरून या. ...हे आमचं दार. आता गप्प. आजोबा! ...आजोबा? ...चार, पाच, सहा. सर, आहात ना मागे?

सर: आहे.

मुलगी: आठ, नऊ. आजोबा! अहो आजोबा!

आजोबा: अगं हो हो हो! आलो की! काठी पलंगाखाली गेली होती मेली. सगळी चाळ गोळा करशील ओरडून. रडतेस काय? आणि हे कोण?

मुलगी: रडत नाहीये. केंद्रातले सर आहेत. सोडायला आलेत.

आजोबा: सर? तेच का ते मराठीवाले? या, या! अहो, आत या ना, उभे काय? तुमच्यावाचून हिचा घास उतरत नाही खाली. पोरगी घरात तशी मुलखाची घुमी, पण तुमचं मात्र रोज सांगणार. सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले.

मुलगी: आजोबा, पुरे.

आजोबा: पुरे काय? चांगल्याला चांगलं म्हणू नये का माणसानं? परवाच सकाळी मला म्हणाली, आजोबा, आमचे सर आम्हाला हसवतात, पण आम्हाला हसत नाहीत. म्हटलं, मग त्यांना काहीही सांगायला हरकत नाही बघ. खरं ना, सर?